माळ्यावरची गिटार

१८ जून १९६७, रविवार. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातल्या माँटेरे या गावी तीन दिवसांचा संगीत महोत्सव भरला होता, त्याचा हा शेवटचा दिवस. दुपारची सगळी वेळ पंडित रविशंकर यांच्यासाठी राखून ठेवली होती. साथीला तबल्यावर अल्लारखाँ. ज्यांच्या कानावर जन्मात कधी राग पडला नव्हता अशी हजारो तरुण मुलं-मुली ती सतार ऐकत बसली आणि शेवटी उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. त्याच रात्री, त्याच रंगमंचावर जिमी हेंड्रिक्स नावाचा तरुण आला. त्यानं आपली इलेक्ट्रिक गिटार अफाट वाजवली. मग ती जमिनीवर आडवी ठेवली, तिच्यावर लायटरमधलं इंधन शिंपडलं आणि काडी ओढून ती पेटवून दिली.

हेंड्रिक्सचं वादन रविशंकर यांना आवडलं होतं. पण वाद्य जाळलेलं पाहून त्यांना फार वाईट वाटलं. पुढे त्यांनी ते अनेकदा बोलून दाखवलं. आपल्याला त्यांचं दुःख चटकन समजतं. खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची आणि वाद्यांची पूजा होते. तबल्याला चुकून पाय लागला, तर हात लावून माफी मागायची रीत हिंदू घरात असते तशी मुसलमान उस्तादाच्या घरातही असते. पण हेंड्रिक्सची बाजूही ऐकली पाहिजे. हा गरीब घरातला पोरगा. लहानपणी झाडू हातात धरून तो गिटार वाजवल्याचं सोंग करायचा. त्याला पहिलं तंतुवाद्य मिळालं ते एका घराची अडगळ उपसताना. जुनी युकुलेली, आणि तिला तार एकच. माणूस आपल्या आवडत्या वस्तूचाच बळी देतो, अशा अर्थाचं त्यानं त्या रात्रीबद्दल म्हटलेलं आहे. कुर्बानीचा अर्थ मी घरातच शिकलो, त्यामुळे हे म्हणणं मला अगदीच परकं वाटत नाही.

मंडळी, मी कविता लिहिणारा माणूस. गिटारीच्या तारेवर बोट ठेवलं तर बोट कापून घेईन. पण बी.ए.ला माझा इतिहास विषय होता आणि वस्तूंच्या इतिहासाची तेव्हापासून मला ओढ आहे. साठच्या दशकात एक विलक्षण अदलाबदल चालली होती. त्यांना आपली सतार हवी होती आणि आपल्याला त्यांची इलेक्ट्रिक गिटार. या देवघेवीत ज्यांनी वाद्यं वाजवली त्यांतल्या काहींची नावं जगभर झाली. ज्यांनी ती बनवली, जोडली, दुरुस्त केली, त्यांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत. आज बोलायचं आहे ते या दोघांबद्दल.

आधी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो. लाकडी गिटारीचा आवाज तिच्या पोकळ पोटात घुमून बाहेर पडतो. इलेक्ट्रिक गिटारीचं पोट बहुधा भरीव असतं. नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. तिच्या तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की खालचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते. सायकलच्या डायनामोचं तत्त्वही हेच. या जोडणीला पिकअप म्हणतात. ती क्षीण वीज अँप्लिफायरमध्ये जाते, मोठी होते आणि लाऊडस्पीकरमधून आवाज होऊन बाहेर येते. म्हणजे गिटारीचं निम्मं अंग सुताराचं आणि निम्मं रेडिओ मेकॅनिकचं.

तिचा इतिहासही याला साक्ष आहे. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशँप आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी अॅल्युमिनियमची एक गिटार केली. दिसायला तव्यासारखी, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची गिटार होती. पुढे १९५० मध्ये लिओ फेंडर या गृहस्थानं भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली आणि १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ नावाची तिची सुधारलेली बहीण. माँटेरेच्या मंचावर जळाली ती हीच जात. हा फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याचा प्रतिस्पर्धी गिब्सन कारखाना. त्यानं १९५२ मध्ये लेस पॉल या वादकाच्या नावाची गिटार काढली. १९५८ ते १९६० या काळातल्या तिच्या एका लालसर-पिवळ्या रंगाच्या नमुन्याच्या दोन हजारही गिटारी निघाल्या नाहीत. खप नाही म्हणून कारखान्यानं तो बंद केला. पाच-सहा वर्षांत एरिक क्लॅप्टनसारख्या इंग्लिश वादकांनी तीच जुनी गिटार हातात घेतली आणि टाकून दिलेल्या मालाला सोन्याचा भाव आला.

बीटल्सचंही तसंच. १९६१ मध्ये पॉल मॅकार्टनीनं जर्मनीतल्या हँबर्गमध्ये हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस गिटार सुमारे तीस पौंडांना घेतली. स्वस्त होती म्हणून घेतली. मॅकार्टनी डावखुरा, गिटार दोन्ही बाजूंनी सारखी, त्यामुळे उलटी धरली तरी विचित्र दिसत नव्हती, हेही एक कारण. १९६४ मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या हाती रिकनबॅकरची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आली आणि तिच्या किणकिणाटानं त्या वर्षीचं पॉप संगीत भरून गेलं. आज याच वाद्यांच्या मागे जगभरचे संग्राहक धावतात.

आता आपल्याकडे येऊ. १९५७ च्या सुमारास देशात परकीय चलनाची मोठी टंचाई झाली आणि आयातीवर कडक बंधनं आली. ज्या देशाला धान्य आणि यंत्रं बाहेरून आणायला डॉलर पुरत नव्हते, त्या देशात गिटारीसाठी परवाना कोण देणार? मग परदेशी गिटार यायची ती बोटीवरच्या खलाशाच्या सामानातून, विमान कंपनीत नोकरी करणाऱ्याच्या ओळखीनं किंवा मायदेशी परत निघालेल्या एखाद्या गोऱ्या साहेबाकडून. आम्हा कोकणी मुसलमानांत बोटीवर जाणारे पुष्कळ. ते सुट्टीवर आले की ट्रान्झिस्टर, घड्याळ, टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. गिटार आणणारा विरळा, कारण ती पेटीत मावत नसे आणि कस्टमवाल्याच्या नजरेतून सुटत नसे.

आयात बंद म्हणून हौस थोडीच बंद होते? कोलकात्याच्या कारागिरांनी देशी गिटारी बनवल्या. गिब्सनच्या नावाशी यमक जुळणारी ‘गिवसन’, हॉफनरशी जुळणारी ‘हॉब्नर’. आपल्या देशातल्या कितीतरी मुलांनी पहिला सूर काढला तो यांच्यावर. नावांच्या या जवळिकीला कल्याणकरांनी हसू नये. शेजारच्या उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’ मालाचे विनोद ऐकतच आपण मोठे झालो आहोत. त्या विनोदात एक कौतुकही आहे. जे बाहेरून येत नाही ते आम्ही घरी बनवू, अशी ती जिद्द होती.

मुंबईत तेव्हा इंग्रजी गाणारे कितीतरी बँड होते. एका तंबाखू कंपनीनं आपल्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा भरवली. देशभरातले बँड तिथे उतरले आणि १९७० व १९७१ मधल्या निवडक गाण्यांच्या दोन तबकड्याही निघाल्या. आज परदेशातले संग्राहक त्या तबकड्या शोधत फिरतात. मुंबईच्या या बँडवाल्यांत मराठी घरातला एक ठळक आवाज होता नंदू भेंडे यांचा. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या आपल्या रंगभूमीवरच्या जोडप्याचा हा मुलगा. कवी निसीम इझिकेल हे त्याचे मामा. ‘वेल्व्हेट फॉग’ आणि ‘सॅव्हेजेस’ या बँडमधून तो गायला आणि १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या संगीतिकेत त्यानं जुडासची भूमिका केली. २०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. मराठी माणूस आणि रॉक यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं, तर पहिलं नाव त्यांचं घ्यावं.

दुसरं नाव ऐकून काहींना नवल वाटेल. ते म्हणजे अरुण कोलटकर. पंडित अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकलेला हा आमचा थोर कवी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजी गाणी लिहीत होता आणि त्यानं त्यातली काही ध्वनिमुद्रित करूनही पाहिली होती. एका हाताखाली पखवाज आणि दुसऱ्या कानात रॉक, अशी ती पिढी होती.

वाद्यांची चणचण किती होती याचा एक मासला सांगतो. १९७२ मध्ये लेड झेपलिन या जगप्रसिद्ध बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईला आले होते. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या लहानशा डिस्कोथेकमध्ये एका रात्री ते अचानक गायले-वाजवायला उभे राहिले. साथीला मुंबईतले वादक आणि वाद्यंही तिथलीच. जगातल्या नामांकित गिटारी ज्याच्या घरी होत्या त्या पेजनं त्या रात्री आपल्या पोरांच्या गिटारीवर रंग भरला. तिथे हजर असलेले लोक अजून ती गोष्ट सांगतात.

पण मुंबईचे हे क्लब आणि ठाणे-कल्याणची वस्ती यांत तेव्हा एका लोकल तिकिटाहून फार मोठं अंतर होतं. आमच्या भागातल्या लोकांना इलेक्ट्रिक गिटार भेटली ती सिनेमाच्या पडद्यावर. १९६५ मध्ये राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाचा ‘गुमनाम’ आला. त्यातल्या ‘जान पहचान हो’ या रफीसाहेबांच्या गाण्यात टेड लायन्स आणि त्यांचा बँड पडद्यावर गिटारी घेऊन दिसतो. शंकर-जयकिशन यांचं हे गाणं २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या सुरुवातीलाच वापरलं गेलं आणि तिकडची तरुण मुलं त्याच्या शोधात निघाली. १९६५ मध्येच ‘जानवर’ आला. बीटल्सच्या एका गाण्याची चाल उचललेलं गाणं त्यात होतं आणि तिथेही हाच बँड होता.

पडद्यामागे तर याहून मोठी दुनिया होती. लखनौहून आलेले व्हॅन शिप्ले व्हायोलिन वाजवत आणि इलेक्ट्रिक हवाईयन गिटारही. मनाजोगं वाद्य बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी आठ तारांची गिटार स्वतः रचली. हिंदी गाण्यांच्या त्यांच्या वाद्यधूनांच्या तबकड्या घरोघरी वाजत, आणि त्यांतल्या अनेकांवर अकॉर्डियनची साथ पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांची असे. भूपिंदर सिंग यांना आपण गायक म्हणून ओळखतो. त्यांची सुरुवात आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर झाली आणि ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या ‘दम मारो दम’ची ती अंगावर काटा आणणारी गिटार त्यांची. १९७१ मधलं ते गाणं सगळ्यांना पाठ आहे. गिटार कुणाची हे त्या वेळी किती जणांना ठाऊक होतं? चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वादकांची नावं येत नसत. शंभर-शंभर वादक एका गाण्याला बसायचे, दिवसाचे पैसे घेऊन लोकलनं घरी जायचे. यातल्या अनेकांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांची कहाणी पुस्तकात नोंदवली ती न्यूझीलंडच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं, तीही २००८ मध्ये. तोवर त्यांतले कितीतरी वादक हे जग सोडून गेले होते.

आता या देवघेवीची दुसरी बाजू पाहू. ऑक्टोबर १९६५ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यात जॉर्ज हॅरिसननं सतार वाजवली. लंडनच्या एका भारतीय वस्तूंच्या दुकानातून घेतलेली, साधीच. पुढच्या वर्षी जुलैमध्ये चौघे बीटल्स दिल्लीत थांबले, तेव्हा कॅनॉट प्लेसच्या रिखीराम यांच्याकडून त्यांनी वाद्यं घेतली. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन मुंबईत आला, मिशी वाढवून, खोट्या नावानं ताजमहाल हॉटेलात उतरला आणि रविशंकर व त्यांचे शिष्य शंभू दास यांच्याकडे सतार शिकू लागला. ज्याची गिटार पाहायला जगातली मुलं वेडी झाली होती, तो मांडी घालून ‘दा रा’चे बोल घोकत होता. आपल्याकडची कॉलेजची पोरं त्याच वेळी त्याच्या गिटारीच्या फोटोवरून लाकडाचे आकार कापत होती.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत एका इंग्रजी चित्रपटाचं संगीत मुद्रित करायला. स्टुडिओत स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी यंत्र कोलकात्याहून आणवलं. आशीष खाँ, शिवकुमार शर्मा, महापुरुष मिश्र, रिजराम देसाद असे वादक जमले. त्याच दिवसांत हरिप्रसाद चौरसियांची बासरी असलेलं एक गाणं मुद्रित झालं आणि ते मार्चमध्ये बीटल्सच्या तबकडीच्या मागच्या बाजूवर जगभर गेलं. चित्रपटाच्या संगीताची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही तबकडी त्याच वर्षाच्या अखेरीस निघाली. तिच्या वेष्टनावर वादकांची नावं छापलेली आहेत. बासरीवादक म्हणून केंकरे हे आपलं आडनाव त्यात दिसतं. सनईवाले दोघे तिथे ‘जदेव’ आहेत. माझ्या मराठी कानाला ते जाधव ऐकू येतात. शिवकुमार शर्मांचं आडनावही धड छापलेलं नाही. तरी हॅरिसननं नावं दिली, हे त्याचं मोठेपण. आपल्या सिनेमावाल्यांनी तेवढंही केलं नव्हतं.

सतार म्हटलं की आपल्या महाराष्ट्राला मिरज आठवते. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे मूळ पुरुष फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे मुसलमान शिकलगार होते, म्हणजे तलवारी घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं त्यांनी तंबोरे दुरुस्त करायला घेतले आणि मग बनवायलाच सुरुवात केली. पंढरपूरकडच्या नदीकाठचे भोपळे, तुणाचं लाकूड आणि हातांना सवय असलेली कानस. तलवारीला धार लावणारे हात तारेच्या घोडीला जवारी लावू लागले, यापेक्षा मोठी कविता मी तरी वाचलेली नाही. जवारी म्हणजे घोडीचा पृष्ठभाग कानशीनं इतका अचूक घासायचा की तार त्यावर हलकेच टेकत, सुटत गुंजत राहते. ते काम डोळ्यांनी होत नाही, कानांनी होतं.

या जवारीचीही तिकडे नक्कल झाली. १९६७ मध्ये न्यूयॉर्कचा गिटारवादक विन्सेंट बेल आणि डॅनइलेक्ट्रो कंपनी यांनी ‘कोरल’ नावाची इलेक्ट्रिक सतार काढली. ती मुळात गिटारच; पण तिच्या घोडीचा माथा रुंद आणि सपाट ठेवला, म्हणजे तार घासून झणझणेल. ज्याला वर्षानुवर्षं सतार शिकायला वेळ नाही त्यानं सतारीचा भास निर्माण करावा, हा हेतू. स्टीव्ही वंडरच्या १९७० मधल्या एका गाजलेल्या गाण्याची सुरुवात याच वाद्यानं होते. मिरजेच्या कारागिराच्या कानशीतला हा आवाज अमेरिकेच्या कारखान्यात पोचला. कारागिराला त्याची वार्ताही नव्हती.

आता मी माझ्या गल्लीत येतो. कल्याणच्या दूधनाक्याजवळ रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. मी शाळेत असताना त्यांच्या दुकानात भिंतीवर एक विचित्र गिटार टांगलेली असायची. साठच्या दशकाच्या शेवटी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या रेल्वेतल्या एका दोस्तासाठी त्यांनी ती केली होती. अंग सागवानी फळीचं, एका जुन्या कपाटाच्या दाराचं. पिकअपसाठी बिघडलेल्या हेडफोनमधले लोहचुंबक आणि त्यावर हातानं गुंडाळलेली तांब्याची तार. पोलादी तारा संपल्या की सायकलच्या ब्रेकची केबल उसवून तिच्यातली एक-एक तार वापरायची. आवाज मोठा करायला मंडपातला लाऊडस्पीकरवाल्याचा अँप्लिफायर. अर्थिंग नसलं की गिटार हातात धरून माइकला ओठ लागताच झटका बसायचा. “गाताना तोंड जरा लांब ठेव बेटा,” एवढीच चाचांची सुरक्षा व्यवस्था.

डोंबिवलीच्या गणपतीत, ठाण्याच्या नवरात्रात, कारखान्यांच्या स्नेहसंमेलनांत ती गिटार वाजली. ठाण्याला वागळे इस्टेट १९६२ मध्ये सुरू झाली होती, कारखाने वाढत होते, पाळीवरून सुटलेली मुलं ऑर्केस्ट्राच्या तालमीला जायची. गणपतीपुढे मुसलमानानं बनवलेली गिटार ख्रिस्ती पोरगा वाजवतोय आणि गाणारा ब्राह्मणाचा, याचं तेव्हा कुणी भाषण केलं नाही. गाणं नीट बसलं की नाही, एवढंच लोक पाहायचे. फेंडरची गोष्ट मी पुढे वाचली, तेव्हा मला हसू आलं. चाचांनाही गिटार वाजवता येत नव्हती.

चाचा गेले. काही वर्षांनी ती जुनी चाळ पाडून इमारत उभी राहिली आणि दुकानातलं सामान भंगारात गेलं. गिटारही त्यातच गेली असणार. तिचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नाही. तिच्यावर वाजवणाऱ्याचं नाव गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना आठवतं. तेही गेले की संपलं.

म्हणून मला २०२४ मधल्या दोन बातम्या सांगायच्या आहेत. मॅकार्टनीची ती तीस पौंडांची हॉफनर १९७२ मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली होती. चाहत्यांनी तिचा माग काढायची मोहीम उघडली आणि ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावात एका घराच्या माळ्यावर सापडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक्कावन्न वर्षांनी, ती मूळ मालकाकडे परतल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी मे महिन्यात जॉन लेननची बारा तारांची एक लाकडी गिटार न्यूयॉर्कमध्ये लिलावात साडेअठ्ठावीस लाख डॉलरना गेली. त्या वेळच्या दरानं जवळजवळ चोवीस कोटी रुपये. हीसुद्धा इंग्लंडमधल्या एका माळ्यावरच पडून होती. आणि त्याच २०२४ मध्ये आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिरांच्या गावाचं नाव कायद्यानं नोंदलं गेलं, ही चांगली गोष्ट झाली. पण कारागिराच्या मुलाला वर्षभर पुरेल इतकं काम मिळालं, तरच त्या कागदाला अर्थ आहे.

आपल्या माळ्यावरच्या गिटारीला कोटी रुपये येणार नाहीत. तशी आशा दाखवून मी तुम्हाला फसवणार नाही. पण ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात ऑर्केस्ट्रात वाजवलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या गिटारी, अकॉर्डियन, बोंगो, घरी बांधलेले अँप्लिफायर माळ्यावर नाहीतर पलंगाखाली पडलेले आहेत. इमारतींचा पुनर्विकास जोरात चालू आहे आणि घर रिकामं करायच्या दिवशी भंगारवाला दारातच उभा असतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचं दालन आहे. एका माणसाच्या हौसेतून ते उभं राहिलं. आपल्या भागातल्या एखाद्या वाचनालयानं किंवा महापालिकेच्या नाट्यगृहानं एक कपाट या वाद्यांसाठी ठेवलं, तर फार मोठा खर्च नाही.

तोवर एवढं करा. माळ्यावरचं वाद्य खाली काढा. तारा ताणलेल्या असतील तर थोड्या सैल करा, नाहीतर दांडी वाकते. ओल लागू देऊ नका, सुती फडक्यानं पुसा. मग घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून एका चिठ्ठीवर लिहून घ्या, हे वाद्य कुणी बनवलं, कुणी वाजवलं, कुठल्या साली, कुठल्या मंडपात. आणि ती चिठ्ठी वाद्याच्या खोक्यातच ठेवा. नाव मात्र पूर्ण लिहा, शुद्धलेखनासकट.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)